हरवलेल्या सत्तीची गोष्ट
जुने पत्ते जमवताना शिकता येणारे विज्ञान

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात डोणगाव आहे. तिथल्या एका धाब्याच्या घराची डागडुजी चालू असताना माळ्यावर बिस्किटांचा गंजलेला पत्र्याचा डबा सापडला. त्यात दोऱ्याची रिळे, एक मोडका अडकित्ता आणि पत्त्यांचा एक जुना कॅट होता. घरातला मुलगा आमच्या वर्गात होता. ‘‘सर, फेकून देणार होते. तुम्हाला पाहिजेत का?’’ असे म्हणत त्याने डबा टेबलावर ठेवला.

आम्ही पाने मोजली. पन्नास भरली. एका मुलाने त्यातले एक पान लगेच बाजूला काढले. ते छापील नव्हते. जाड कागद कापून त्यावर तांबड्या शाईने चौकटीच्या सात खुणा काढल्या होत्या. ‘‘हे खोटं आहे, टाकून देऊ,’’ तो म्हणाला. आम्हीही मान हलवली, हे आधीच कबूल करतो. सुदैवाने ते पान कचऱ्याच्या टोपलीत जायच्या आधी वर्गातल्या एका मुलीने ते उलटून पाहिले. सगळ्या कॅटातले सर्वांत बोलके पान तेच निघाले. कसे, ते पुढे येईलच.

जुनी नाणी आणि टपाल तिकिटे जमवण्याचा छंद आपल्याकडे शाळांमधून रुळलेला आहे. जुने पत्ते मात्र सहसा कोणी जमवत नाही. पत्ते म्हटले, की पोळ्याच्या किंवा दिवाळीच्या रात्री पारावर चालणारा जुगार आठवतो, आणि मग शाळेच्या दारात पत्त्यांना मज्जाव होतो. आम्ही डबा वर्गात ठेवला, तेव्हा दोन पालक विचारायला आले, ‘‘शाळेत आता पत्ते शिकवणार का?’’ त्यांचा प्रश्न रास्त होता. आम्ही वर्गासाठी दोन नियम केले. पैसे लावून काही खेळायचे नाही, आणि संग्रहातला कॅट खेळायला घ्यायचा नाही. राहिला प्रश्न शिकण्याचा. संभाव्यतेच्या गणिताची सुरुवातच मुळी १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून झाली, आणि त्या पत्रांचा विषय होता अर्धवट सुटलेल्या जुगाराच्या डावातले पैसे न्याय्य रीतीने कसे वाटावेत! वाईट सवयीतून चांगला प्रश्न उचलता येतो, तो असा.

आधी मांडणी, मग निष्कर्ष

जुना कॅट हाती आला, की पहिले काम सोपे असते. टेबलावर चार ओळी आणि तेरा स्तंभ कल्पावेत. एका ओळीत इस्पिक, दुसरीत बदाम, तिसरीत चौकट, चौथीत किलवर. प्रत्येक पान आपापल्या घरात ठेवावे. आमच्या कॅटाची अशी मांडणी केली, तेव्हा दोन घरे रिकामी राहिली : किलवर तिर्री आणि बदाम दश्शी. चौकट सत्तीच्या घरात छापील पान नव्हते. तिथे ते हाताने केलेले पान नेमके बसले. म्हणजे ते खोटे नव्हते, बदली होते.

रिकामी घरे आपल्याला काय नाही ते सांगतात. एवढेच नव्हे, जे नाही ते कसे असेल तेही सांगतात. १८६९ मध्ये मेंडेलीव्हने मूलद्रव्यांची मांडणी करताना काही घरे मुद्दाम रिकामी सोडली आणि त्या जागी येणाऱ्या मूलद्रव्यांचे गुणधर्म वर्तवले. पुढे गॅलियम (१८७५), स्कँडियम (१८७९) आणि जर्मेनियम (१८८६) सापडली व ती घरे भरली. आवर्तसारणी शिकवण्याआधी एकदा अपुरा कॅट वर्गात मांडून पाहावा. ‘जागा रिकामी ठेवणे’ हे शास्त्रज्ञाचे धाडस का मानतात, ते मुलांना न सांगता समजते.

वय कसे ओळखावे?

पत्त्यांवर छपाईचे साल सहसा नसते. तरीही अनेक खुणा असतात. प्रत्येक खूण काळाची एक बाजू बांधते, आणि दोन-तीन खुणा एकत्र केल्या की मधला काळ आक्रसत जातो.

पहिली खूण चित्रांची. राजा, राणी आणि गुलाम पूर्ण उभे, पायांसकट दिसत असतील, तर नमुना जुना. वरून-खालून सारखेच दिसणारे दुतोंडी राजा-राणी एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. पान उलटे आले की खेळणारा ते सरळ करी, आणि त्यावरून समोरच्याला त्याच्याकडे चित्र असल्याचे कळे. दुतोंडी चित्रांनी ही अडचण मिटवली. कोपऱ्यातले छोटे आकडे आणि गोलावलेले कोपरे हीदेखील त्याच शतकाच्या उत्तरार्धात पसरलेली सुधारणा. जोकर तर १८६०च्या दशकात अमेरिकेत जन्मला. म्हणूनच तो कोणत्याच रंगाचा नसतो.

दुसरी खूण इस्पिक एक्क्याची. बाकीचे तीन एक्के साधे आणि इस्पिकचाच एवढा नक्षीदार का, असा प्रश्न कधी पडला आहे का? इंग्लंडमध्ये पत्त्यांवर कर होता. तो भरल्याचा पुरावा म्हणून १७६५ पासून इस्पिक एक्का सरकारी मुद्रांक कचेरीतच छापला जाई. नक्कल करणे अवघड जावे म्हणून त्यावर दाट नक्षी असे. पुढे एक्का छापण्याचा अधिकार कारखानदारांना मिळाला आणि १९६० मध्ये करही रद्द झाला. नक्षी मात्र राहिली. सजीवांच्या शरीरात निरुपयोगी झालेले अवशेषांग टिकून राहते, तसाच हा प्रकार. एक्क्यावर कारखान्याचे आणि देशाचे नाव असते, म्हणून कॅट कुठला ते शोधताना आधी हेच पान पाहावे. इंग्लंडखेरीज बेल्जियममधील टर्नहाउट हे गाव पत्त्यांच्या छपाईचे मोठे केंद्र होते आणि तिथले पत्ते दूरदूरच्या देशांत जात.

तिसरी खूण पाकिटाची, आणि आपल्या भागात तीच सर्वांत उपयोगी. किंमत आण्यांत असेल, तर पाकीट दशमान नाणी येण्यापूर्वीचे, म्हणजे १ एप्रिल १९५७ च्या आधीचे असण्याचा संभव मोठा. ‘नवे पैसे’ असे छापले असेल, तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचे, कारण जून १९६४ मध्ये ‘नवे’ हा शब्द गळला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर पाकीट १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे, कारण ती पद्धत त्या दिवशी सुरू झाली.

आणखी एक खूण खास वऱ्हाडची आहे. बुलढाणा जिल्हा आहे तिथेच आहे, पण त्याच्या नावापुढचे राज्य बदलत गेले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. १९५० मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडचे मध्यप्रदेश झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. त्यामुळे जुन्या दुकानाचा रबरी शिक्का हा एक छोटासा इतिहासग्रंथच ठरतो.

आमच्या डब्यातल्या पाकिटावर पुसट जांभळा शिक्का होता. दुकानाचे नाव वाचता येईना, पण ‘मेहकर (म. प्र.)’ ही अक्षरे लागली. बाजूला पेन्सिलीने ‘१२ आणे’ लिहिले होते. म्हणजे १९५० ते १९५६? मुलांनी लगेच फळ्यावर तसे लिहिले. मग आम्ही विचारले, ‘‘राज्य बदलले त्याच दिवशी दुकानदाराने शिक्का बदलला असेल का?’’ वर्ग विचारात पडला. काटकसरी दुकानदार शिक्का झिजेपर्यंत वापरणार! आण्यांचा हिशेबही लोकांच्या तोंडी बरीच वर्षे राहिला. तेव्हा १९५० ही खालची मर्यादा पक्की, वरची मर्यादा थोडी सैल. फळ्यावरचे उत्तर बदलून ‘१९५० नंतर, बहुधा १९५७ पर्यंत’ असे झाले. हा ‘बहुधा’ मुलांनी स्वतःहून घातला, याचा आम्हाला विशेष आनंद झाला.

आता ती सत्ती. तिच्या पाठीवर छापील अक्षरे होती. पान एका जुन्या लग्नपत्रिकेतून कापलेले होते, आणि कापताना ‘शके १८८६’ एवढा तुकडा वाचला होता. शकात ७८ मिळवले की इसवी सन येते : १९६४. लग्न चैत्राच्या आधीचे असेल, तर १९६५. म्हणजे मूळ सत्ती हरवली तेव्हा निदान १९६४ साल उजाडले होते, आणि तेव्हाही हा कॅट खेळात होता. बारा आण्यांची वस्तू किमान सात-आठ वर्षे, कदाचित त्याहून जास्त वापरली गेली. एक पान हरवले म्हणून नवा कॅट आणला नाही, नवे पान केले. छापील पानांनी आम्हाला कॅट कधीचा ते सांगितले. तो कसा वापरला गेला, ते सांगितले ‘खोट्या’ पानाने.

संग्राहकांनी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की दुरुस्तीची खूण पुसू नये. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या मामलुक काळातला एक मौल्यवान कॅट आहे. एल. ए. मायर यांनी १९३९ मध्ये तो अभ्यासकांपुढे आणला. त्याची पाने बावन्न असावीत, पण काही हरवलेली आहेत आणि काही दुसऱ्या कॅटातून आणून घातलेली आहेत. सुलतानाच्या राजवाड्यात असो की डोणगावच्या माळ्यावर, पाने हरवतात आणि माणसे त्यांच्या जागा भरून काढतात.

आपले गोल पत्ते

बावन्न पानांचा चौकोनी कॅट आपल्याकडे युरोपीय लोकांबरोबर आला. त्याआधी इथे खेळत ते गंजिफा. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधल्या शाह हसनला त्याच्या आवडीच्या गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अकबराच्या काळातल्या बारा रंगांच्या गंजिफांचे वर्णन अबुल फझलने ऐने-अकबरीत केले आहे. दर रंगाची बारा पाने, म्हणजे एकूण १४४. पुढे आठ रंगांच्या, ९६ पानांच्या मोगल गंजिफा जास्त प्रचारात राहिल्या.

महाराष्ट्रात रुजल्या त्या दशावतारी गंजिफा. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन अशा दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण १२०. तिघांनी खेळायचे, म्हणजे प्रत्येकाला चाळीस. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. पाने गोल असतात आणि प्रत्येक रंगाची पार्श्वभूमी वेगळी असते. त्यामुळे खूण झिजलेले पानसुद्धा जमिनीच्या रंगावरून आपल्या घरात बसवता येते. दहा गुणिले बारा अशी त्याची सारणी करून पाहावी.

गंजिफांच्या नियमांत एक मजेदार गोष्ट आहे. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या निम्म्यांत राजा-वजिरानंतर एक्काच मोठा आणि दश्शी सर्वांत लहान! हे वाचून मुले म्हणतात, ‘‘उगाच गोंधळ!’’ पण युरोपातल्या ओंब्र आणि टॅरो या जुन्या खेळांतही दोन रंगांचा क्रम असाच उलटा असतो. इतका विचित्र नियम दोन दूरच्या प्रदेशांत स्वतंत्रपणे सुचणे अवघड. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी यावरून असा तर्क केला, की हे सगळे खेळ एकाच जुन्या पूर्वजापासून निघाले असावेत. देवमाशाच्या पंखातली हाडे आणि आपल्या हातातली हाडे यांची ठेवण सारखी दिसते, त्यावरून जीवशास्त्रज्ञ असाच तर्क करतात. खेळाचा नियम हाही एक जीवाश्म असतो. तो दगडात नसतो, माणसांच्या सवयीत असतो.

गंजिफा बनवण्याचे काम सावंतवाडीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. छापील पत्त्यांपुढे ही कला मागे पडली. १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या कारागिरांकडून ती शिकून घेतली, इतरांना शिकवली आणि राजवाड्यातच लाखकामाचा कारखाना उभा केला. त्याच सुमारास मुंबईत राहिलेले जर्मन-जन्माचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन गंजिफा जमवत आणि अभ्यासत होते. १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भारतीय पत्त्यांचे प्रदर्शन झाले, त्याच्यामागे त्यांचा अभ्यास होता. संग्रह करणारा आणि कारागीर यांची अशी गाठ पडली, तर वस्तूही टिकते आणि हातही टिकतात.

पानाच्या आत काय आहे?

जुन्या पद्धतीची गंजिफा कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून करत. त्यावर पांढरा लेप, मग रंग, आणि शेवटी लाखेचा थर. श्रीमंतांसाठी हस्तिदंताच्या आणि कासवाच्या पाठीच्या गंजिफा होत. त्या दरबारी, आणि साध्या त्या बाजारी.

लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या बारीक कीटकांचा स्राव. ती पाण्यात विरघळत नाही, म्हणून घामट हातांपासून रंग वाचतो. पण स्पिरिटमध्ये ती विरघळते आणि उष्णतेने मऊ होते. तेव्हा गंजिफा स्पिरिटच्या बोळ्याने पुसणे म्हणजे तिची कातडी सोलणे. वऱ्हाडातल्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवणेही धोक्याचे.

छापील पत्ता हा एक कागद नसून दोन कागद एकत्र चिकटवलेले असतात. चांगल्या पत्त्यांत मधला डिंक काळपट असतो, म्हणजे उजेडात धरले तरी पलीकडचे चित्र दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत विजेरीवर पान धरून हे तपासता येते. जुन्या कॅटाची जाडीही मोजून पाहावी. एक पान साध्या पट्टीने मोजता येत नाही, पण बावन्न पानांची थप्पी येते. थप्पी १५.६ मिलिमीटर भरली, तर एक पान ०.३ मिलिमीटर. पट्टीच्या लघुतम मापापेक्षाही लहान अंतर मोजण्याची ही युक्ती पाठ्यपुस्तकात आहेच. इथे तिचा उपयोग खरा होतो, कारण वेगळ्या कॅटातून आलेले पान जाडीने ओळखू येते.

आमच्या हातून झालेली एक चूक सांगायला हवी. डब्यातले इस्पिक राणीचे पान फार मळलेले होते. आम्ही ते ओल्या फडक्याने पुसले. क्षणभर राणी उजळली, आणि मग तिच्या चेहऱ्याचा कागद फडक्याला चिकटून निघाला. पृष्ठभागावरची खळ पाण्याने सुटली होती. सत्तर वर्षे टिकलेले पान आम्ही अर्ध्या मिनिटात बिघडवले. तेव्हापासून वर्गाचा तिसरा नियम झाला : कोरडा मऊ ब्रश, त्यापुढे काही नाही.

जपणूक करताना आणखी काही पथ्ये पाळावीत. रबर बँड लावू नये, कारण रबरातला गंधक आणि कुजलेले रबर दोन्ही डाग पाडतात. चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक कागदात मुरून तपकिरी होतो. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, त्या कागदातले आम्ल शेजारच्या पानालाही पिवळे करते. खळीतली पिष्टमय द्रव्ये हे कसरीचे आवडते खाद्य, म्हणून डबा दर दोन-तीन महिन्यांनी उघडून पाहावा. क्रमांक पानावर लिहू नये, पाकिटावर पेन्सिलीने लिहावा.

नियमांचाही संग्रह करा

पत्ते सापडले नाहीत तरी चालेल, खेळ सापडतातच. मेंढीकोट, लाडीस, झब्बू, पाच-तीन-दोन, बदाम सात, गुलामचोर, भिकार-सावकार हे खेळ घरोघर माहीत असत. त्यांचे नियम गावागणिक बदलतात. मेंढीकोटात कुठे हुकूम आधी झाकून ठेवतात, कुठे रंग तुटला की तिथेच हुकूम ठरतो. विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांना, आत्याला, मामाला विचारून नियम जसेच्या तसे उतरवावेत आणि कोण कुठल्या गावचे तेही लिहावे. मग जिल्ह्याच्या नकाशावर एका नियमाला एक रंग देऊन ठिपके मांडावेत. बोलीभाषांचे अभ्यासक शब्दांचे नकाशे असेच करतात.

नोंदवहीत एवढे रकाने पुरेत : क्रमांक, कुठे व कोणाकडून मिळाले, किती पाने, कोणती नाहीत, लांबी, रुंदी, थप्पीची जाडी, पाकिटावरची अक्षरे, काळाचा अंदाज आणि तो कशावरून, देणाऱ्याने सांगितलेली हकीकत. शेवटचा रकाना मोठा ठेवावा. १९८०-९०च्या दशकांत मुले जमवत ती क्रिकेटपटूंची आणि कुस्तीगिरांची कार्डेही आता या वहीत बसण्याइतकी जुनी झाली आहेत. त्यांचे मालक आज पालक म्हणून शाळेत येतात! त्यांना विचारावे.

आमच्या वहीतल्या पहिल्या नोंदीचा शेवटचा रकाना बरेच दिवस रिकामा होता. मग तो मुलगा आपल्या आजीला शाळेत घेऊन आला. त्यांनी पन्नास पाने पाहिली, पण हातात घेतली ती फक्त चौकट सत्ती. खुणांच्या शेजारी बारीक अक्षरात ‘सात’ लिहिलेले होते. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, ‘‘हे तं आमच्या मामाजीचं अक्षर व्हय!’’ मामाजी म्हणजे त्यांचे सासरे. मूळ सत्ती एका लहान पोराने चुलीत टाकली होती आणि त्याला मार पडू नये म्हणून मामाजींनी त्याच रात्री कंदिलाशी बसून हे पान केले, असे त्यांनी सांगितले. ते लहान पोर म्हणजे आमच्या विद्यार्थ्याचे वडील का, असे आम्ही विचारले. ‘‘नाही, त्याचा मोठा काका,’’ त्या हसून म्हणाल्या.

आम्ही रकाना भरला. तुमच्या गावातल्या माळ्यांवरही असे डबे असतील. ते टाकले जाण्याआधी तुमच्या विद्यार्थ्यांना एकदा विचारून पाहा. आणि पाने मोजताना एखादे वेगळे दिसले, तर ते बाजूला काढण्यापूर्वी आधी उलटून पाहा.